पावती क्रमांक दोनशे अठरा

खानापुरात पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या.
खाली दळण सुरू झालं की टेबल थरथरतं
आणि माझे आकडे किंचित तिरके पडतात.
दारावर लिहिलंय: चांगुणाबाई देवलतकर धर्मादाय न्यास.
बाई गेल्या, काजूची बाग ठेवून गेल्या.
मृत्युपत्रात एकच ओळ:
‘गावोगावचं जुनं पडू देऊ नका.’
काय जुनं, किती जुनं, काही लिहिलं नाही.
म्हणून सात विश्वस्त आणि मी, पगारी कारकून,
दर दुसऱ्या शनिवारी त्या ओळीपाशी बसतो.

काजूला भाव आला तर एखादी विहीर उपसून होते.
नाही आला तर नुसता चहा.

मागल्या साली कुणकवाडीची चिऱ्याची विहीर धरली.
दस्तगीर मिस्त्री म्हणाला, शिमीट आणलासा तर मी चाललो.
मग चुना भिजला एकवीस दिवस,
त्यात गूळ, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर.
मुंग्या आल्या. पोरं आली.
एकानं गूळ समजून बोट चाटलं
आणि नंतर दोन दिवस शाळेत गप्प बसला.

कौलांच्या कारखानदारानं पन्नास हजार दिले,
वर संगमरवरी पाटी मागितली.
पाटी कुठल्या भाषेत, यावर तीन सभा गेल्या.
इतिवृत्तात मी लिहिलं: ‘चर्चा झाली.’
विहिरीला अजून पाटी नाही.
पाणी आहे.

विहिरीच्या वरच्या अंगाला लक्कव्वाचा गोठा.
म्हैस बांधायला एक उभा दगड,
दाव्यानं घासून घासून पोटाशी खाच पडलेली.
शेण धुतलं तेव्हा
खाली गाई निघाल्या, पाठमोऱ्या, घाईत,
त्यांच्यामागं धनुष्य ओढलेला एक जण,
मधल्या चौकटीत तोच, दोन बायकांच्या खांद्यांवर,
आणि सगळ्यात वर चंद्र, सूर्य, झिजून सारखेच झालेले.

धारवाडहून नीलगंगा मॅडम आल्या.
ओला कागद थापला, ब्रशनं ठोकला, काजळी फिरवली,
दोन तास उन्हात उकिडव्या बसून
जुन्या कन्नडचं एकेक अक्षर सोडवलं.
गावात कन्नड येणारे होते, मराठी येणारे होते,
वाचता कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे भांडण झालं नाही.

गाई परत वळवताना पडला, म्हणे.
त्याचं नाव दाव्यानं खाल्लंय.
दगड बसवणारीचं तेवढं शाबूत: चामब्बे.
बायको की आई, ते तुटलंय.

लक्कव्वा हातातलं वैरण खाली न ठेवता म्हणाली,
‘खरं, तिनं पैसा कुठनं आणलीन असंल गा?’

सातही विश्वस्त विहिरीकडं बघत राहिले.

दगड छपराखाली न्यायचा ठरला.
‘न्ह्या की. खरं आमाशेला तेल घालूला मी येतो.
सासू घालायची. कशाला, ते तिलाबी ठाऊक नव्हतं.
आणि म्हैस कशाला बांधू?’
लोखंडी खुंटी, दोनशे चाळीस रुपये,
किरकोळ खर्चात टाकली.
‘आणि पावती द्या.’

पावती.
देणगीदाराचं नाव: लक्कव्वा मष्णू बेटगेरकर.
रक्कम आकडी: मी रेघ ओढली.
रक्कम अक्षरी: इथं पेन थांबलं.
वीस वर्षं या ओळीवर मी ‘फक्त’ लिहून संपवत आलो.
पिशवी घेऊन ती समोर उभी,
खाली गिरणीत कुणाचीतरी नाचणी पडत होती.
शेवटी लिहिलं, तिरकंच आलं:
‘दगड एक. त्यावर माणूस एक, गाई सात.’
ऑडिटर लाल गोल करणार, करू दे.

तिनं मला दोनदा वाचायला लावलं.
बोटांवर काहीतरी मोजलं.
‘वासरू ऱ्हायलं,’ म्हणाली,
‘मागच्या गाईच्या पोटाखाली. हाताला लागतंय.’

कार्बन परत सरळ केला
आणि वासरू लिहिलं.